हिरव्या दिव्यांची गल्ली

सन २०६८ मध्ये तब्येतीची चौकशी कुणी कुणाकडे करत नसे. दारावरचा दिवा बघितला की झालं! घरातल्या संडासाच्या भांड्यात ‘मूत्रवेध’ नावाचं बोटभर यंत्र असे. ते रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाची लघवी वेगळी ओळखून तपासायचं आणि सगळ्यांचं ठीक असेल तर दारावर हिरवा दिवा ठेवायचं. पंचगंगेकाठच्या रंगारी गल्लीत गेली नऊ वर्षं एकेचाळीस दारांवर एकेचाळीस हिरवे दिवे होते.

त्यातल्याच एका दारातून कापड रंगवण्याचं काम करणाऱ्या सुगंधाबाई हावळ मंगळवारी सकाळी डबा बांधून निघाल्या आणि थेट इस्पितळात डॉक्टर निशिकांत वालावलकरांसमोर जाऊन बसल्या. मूत्रवेध घडवणारे ते हेच.

“लघवीतनं रक्त गेलं, डाक्टर. दोनदा.”

“दुखलं? जळजळ?”

“कायबी न्हाई.”

“दिवा?”

“हिरवा हाय.”

डॉक्टर हसले. त्यांनी समजावलं, की मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत झडत असतात. कर्करोगाच्या पेशी वेगळ्या खुणा घेऊन झडतात. पण प्रत्येक माणसाचं शरीर निराळं. म्हणून यंत्र बसवल्यावर पहिले शंभर दिवस ते फक्त शिकतं. त्यातून त्या माणसाचं ‘स्ववळण’, म्हणजे त्याची नेहमीची अवस्था, ठरते. पुढे वयाबरोबर होणारे सावकाश बदल ते सामावून घेतं; वळण एकदम बदललं, की दिवा लाल.

“तुमचं वळण नऊ वर्षांत कधीच एकदम बदललेलं नाही, बाई. रंगाचा परिणाम असेल.”

लाल रंगाच्या हौदावर काम करणाऱ्या माणसाची लघवी लाल होते, असा रंगारी गल्लीचा पक्का समज होता. मुकादम रामण्णा तर त्यावरून सगळ्यांची थट्टा करायचा, स्वतःचीसुद्धा. सुगंधाबाईही वर्षानुवर्षं हसत आल्या होत्या.

“चार महिनं झालं, मी निळ्या हौदावर हाय,” त्या म्हणाल्या. “निळ्याचं लाल कसं हुतंय, तेवढं सांगा. लगेच उठते.”

लाल दिव्याशिवाय मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी करायची नाही, असा नियम होता. तो डॉक्टरांनी सांगून बघितला. सुगंधाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या, दुपारी तिथेच भाकरी खाल्ली आणि दर तासाला दारातून डोकावत राहिल्या. मनातून त्या भ्यायल्या होत्या, पण हलायचं नाही हे ठरलेलं होतं. शेवटी पाच वाजता डॉक्टरांनी हात टेकले आणि स्वतःच्या जबाबदारीवर तपासणी केली.

मूत्राशयात फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ होती. नशिबाने ती खोलवर रुजलेली नव्हती. दुर्बिणीतूनच ती काढता आली.

बाई घरी परतल्या आणि महिन्याभराने दिवा लाल झाला.

गाठ परत आली, या समजुतीने त्या धावत इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बिणीतून बघितलं. आत सगळं स्वच्छ होतं. मग ते बराच वेळ यंत्राची जुनी नोंद चाळत बसले.

“यंत्र बसवलं तेव्हाच रोगाची सुरुवात झालेली होती,” ते हळू आवाजात म्हणाले. “यंत्राने तेच तुमचं स्ववळण धरलं. अधूनमधून रक्त, बिघडलेल्या पेशी, सगळं. रोग इतका सावकाश वाढला, की ते त्याच्याबरोबर शिकतच गेलं. आता रोग गेला, म्हणून ते ओरडतंय.”

“म्हंजी बरी झाले म्हणून लाल?”

“हो.”

सुगंधाबाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“डाक्टर, गल्लीत समद्यांकडं यंत्रं एकाच महिन्यात बसली. तवा निम्मी गल्ली वीस-वीस वर्षं रंगात हात घालून हुती.”

“आणि अशा रंगांमुळे हा रोग होऊ शकतो,” डॉक्टर मान खाली घालून म्हणाले.

“आता खाली बघू नका,” बाई म्हणाल्या. “यंत्राला काय शिकवायचं ते मागनं शिकवा. आदी माझ्यासंगं चला.”

गल्लीतलं पहिलं दार रामण्णाचं. चाळीस वर्षं लाल हौदावर काढलेला हा माणूस दार उघडताच बाईंच्या घराकडे बघून कळवळला.

“सुगंधाक्का, तुजा दिवा लाल झाला की गं! काय लागलं तर हक्कानं सांग. आमचं बरं चाललंय. बग, हिरवागार हाय.”

“व्हय, बघितला,” सुगंधाबाई उंबरा ओलांडत म्हणाल्या. “म्हणूनच डाक्टरांना घिऊन आले.”