एक पाय जमिनीवर

फिजिओच्या दवाखान्याचं दार ढकललं आणि समोर एक पुरुष एका गुडघ्यावर बसलेला. पाठ ताठ, मान वर, नजर थेट माझ्याकडे.

"अहो, आधी नाव तरी विचारायचं," मी म्हणाले.

तो गोरामोरा झाला. "तसं नाही हो... व्यायाम आहे हा. जांघेचा. उजवा पाय मागे, डावा पुढे, आणि–" बोलता बोलता त्याचा तोल गेला आणि त्याने भिंतीला हात टेकला.

मला हसू फुटणारच होतं, तेवढ्यात तो हात दिसला. मनगटाजवळ भाजल्याची जुनी खूण. हसू जागच्या जागी विझलं. गेल्या वर्षी, शेवटच्या फेरीत, माझ्यासमोर लाल पाटी धरली होती ती याच हाताने.

मी चालण्याच्या शर्यतीत उतरते. हो, चालण्याच्या. लोक हसतात, हसू देत. आई तर म्हणते, बदकं तुझ्यापेक्षा बरी चालतात. पण त्यातला नियम भलता कडक आहे. कुठल्याही क्षणी एक पाय जमिनीवर हवाच. दोन्ही सुटले की ते धावणं झालं. रस्त्याच्या कडेला पंच उभे असतात, ते फक्त पायांकडे बघतात, आणि तिघांच्या नजरेत दोष भरला की लाल पाटी. तुम्ही बाद.

"तुम्ही!" मी म्हणाले.

त्याने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "अच्छा... तुम्ही होय."

"बूट बरे लक्षात राहिले!"

"चाल लक्षात राहिली. चेहरा आज पहिल्यांदाच बघतोय." आणि तो बघतच राहिला, जरा जास्तच वेळ.

मी फणकाऱ्याने आत गेले. माझी कंबर दुखत होती, मला भांडायला वेळ नव्हता. महिन्याभरावर निवडीची शर्यत आली होती. पहिल्या चौघांना संघात जागा होती, आणि या वेळी बाद झालीस तर क्लबमध्ये पुन्हा पाय ठेवू नकोस, असं प्रशिक्षक सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

फिजिओबाई पन्नाशीच्या. आवाज कवायतीच्या शिक्षिकेचा, हात मात्र मऊ. त्यांनी मला टेबलाच्या कडेवर आडवं केलं, उजवा गुडघा छातीशी धरायला सांगितला आणि म्हणाल्या, "आता डावा पाय सोडून द्या. सैल."

मी सोडला. मांडी टेबलाला टेकेचना. हवेतच राहिली.

"सोडा की."

"सोडलाय!"

"हा बघा चोर." त्यांनी बेंबीच्या बाजूला, खोलवर बोटं रुतवली. मी कळवळले. "सोअस म्हणतात याला. कण्याच्या बाजूने निघतो, पोटाच्या मागून खाली येतो, खुब्यासमोरून वळतो आणि मांडीच्या हाडाला आतून धरतो. पाऊल उचलतो तो हा. काम काय करता?"

"पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारींच्या खिडकीवर बसते."

"दिवसभर बसून हा आखडतो. संध्याकाळी तुम्ही चालायला निघता, तेव्हा पाय मागे जाऊ देत नाही, आणि ओढ बसते कंबरेला. तुम्ही मलम कुठे लावता?"

"कंबरेला..."

"जखम मांडीला, मलम शेंडीला."

पडद्यापलीकडून खुदकन हसू आलं. मग तोच आवाज, हळूच – "त्या नावाआधी इंग्रजीत एक 'पी' असतो. लिहायचा, पण बोलायचा नाही."

"मग तुम्हीही त्याच्यासारखे गप्प बसा!" मी ओरडले.

आमची वेळ नेमकी एकच. माझं नशीब! शेजारी-शेजारी चटया, समोर एकच आरसा. बाईंनी दोघांना सारखेच व्यायाम दिले. तो गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, जादाच्या ब्रेकवर उजवा पाय धरून. धरून म्हणजे अधांतरी. कारण दाबायचा नसतो, पण काढायचाही नसतो. सकाळ-संध्याकाळ ते करून त्याच्या जांघेत टाचण्या टोचायच्या आणि खुर्चीतून उठला की म्हाताऱ्यासारखा वाकून चालायचा. मी त्याचं नाव ब्रेकमास्तर ठेवलं.

"आज किती वेळा जीव वाचला?" मी विचारायची.

"दोनदा. एका आजोबांनी थेट भाजीच्या दुकानात गाडी घातली असती. तुमच्याकडे?"

"एक बाई रोज येते. नळाला पाणी येतं, पण आवाज करत येतं म्हणे."

तो हसला की श्वास सुटायचा आणि त्याचा उचललेला गुडघा धपकन खाली यायचा. बाई ओरडायच्या, "श्वास! श्वास धरू नका! आणि तुम्ही हो, पोट आवळून का पडलाय?"

"कंबर कसलीये मी," मी म्हणाले.

"तीच तर अडचण आहे. कसलेलीच आहे ती. आता जरा सोडायला शिका."

सोडायला! मला धरून ठेवणं येतं, दात-ओठ खाणं येतं. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकते, स्वतःची एक करत नाही. पण हळूहळू काहीतरी होऊ लागलं. पायांभोवती रबरी पट्टा घालून गुडघा सावकाश उचलायचा, सावकाश ठेवायचा. एके दिवशी मांडी टेबलाच्या जवळ आली. दुसऱ्याच क्षणी आरशात पाहिलं तर ब्रेकमास्तर माझ्याकडे बघत होता. मी पाहिलं म्हटल्यावर छताकडे बघायला लागला... जणू पंखा बाद करायचा होता त्याला.

"खरं सांगा," मी त्या दिवशी विचारलं. "गेल्या वर्षी सुटले होते माझे पाय?"

"सुटले होते." क्षणाचाही विचार नाही. "डावा मागे थांबतच नव्हता. चटका बसल्यासारखा उचलायचात, म्हणून प्रत्येक पावलाला एक बारीकशी उडी."

राग यायला हवा होता. आला नाही. वर्षभर त्याच्या नावाने बोटं मोडली होती, आणि त्याने जे पाहिलं तेच बाईंच्या टेबलावर सिद्ध झालं होतं.

मग मी मूर्खपणा केला. मांडी टेकायला लागलीये तर आणखी ताणू, असं म्हणून घरी तास-तास तोच स्नायू ताणत बसले. दोन दिवसांनी लंगडत आले. पायरीवर त्याने पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे.

"किती ताणलंत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"बाई म्हणाल्या होत्या, ताणायचा कमी आणि ताकद जास्त. तुम्ही ऐकत का नाही? थांबायचं कुठे ते–"

"माझ्या पायाला तुमचा ब्रेक नकोय!"

पायरीवरची माणसं वळून बघायला लागली. तो निघून गेला.

पुढच्या खेपेला त्याची चटई रिकामी. त्याच्या पुढच्या खेपेलाही. बाईंनी माझा ताणण्याचा व्यायाम बंद केला, पुन्हा श्वासापासून सुरुवात करायला लावली. मी निमूटपणे केली. पण मला करमत नव्हतं. सरळ सांगते, मला तो हवा होता, शेजारी, धपकन पडणाऱ्या गुडघ्यासकट.

शर्यतीला आठवडा उरला आणि तो आला. मी हायसं वाटून हसणार, तर तोंडातून भलतंच निघालं. "शर्यतीत दिसालच. पाटी पुसून ठेवा."

"मी नसेन. पंचांतून नाव काढून घेतलंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "का? मी बाद होणार याची खात्रीच आहे वाटतं? मला कुणाची कीव नकोय!"

"कीव?" तो चटईवर बसला. जरा वेळ पट्ट्याशी चाळा करत राहिला. "पंचाने पायांकडे बघायचं असतं. पायांकडेच. मी... मला हल्ली तुमचे पाय दिसतच नाहीत. आरशात बघतो तर चेहरा. त्या दिवशी रस्त्यावर उभा राहीन आणि तुम्ही समोरून याल, तेव्हा मी कुठे बघेन ते मला ठाऊक आहे. अशा माणसाच्या हातात पाटी नको."

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. खिडकीच्या गजावर थेंब जमत होते, पडत होते.

"तो 'पी' आहे ना..." तो म्हणाला, "न बोलायचा..."

"पंचाचा?"

"नाही."

मला पुढे विचारायचं होतं. बाई आल्या. आम्ही दोघंही घाईघाईने गुडघे उचलायला लागलो, आणि दोघांचेही श्वास चुकले.

शर्यतीच्या सकाळी रस्ता ओला होता. दोऱ्यांपलीकडे आई छत्री घेऊन उभी होती आणि तिच्यापासून जरा लांब, छत्रीशिवाय, तो. पहिल्या फेऱ्या मी हलक्या पायाने चालले. मग डाव्या खुब्यात ती ओळखीची कळ आली. एका पंचाने पिवळी पाटी दाखवली. सांभाळा, असा त्याचा अर्थ. पुढे तीन मुली, मागून एक माझ्या खांद्याशी आलेली.

सवयीने पोट आवळलं गेलं, दातांवर दात बसले. तसंच रेटलं असतं तर पाय पुन्हा उडणार होता, हे मला आता माहीत होतं. मी श्वास सोडला. पूर्ण. ती मुलगी पुढे गेली, जाऊ दिली. डावा पाय मागे राहू दिला, टाच आपणहून उठेपर्यंत. कळ गेली नाही, पण वाढलीही नाही. मी ठरवलं होतं, ही शर्यत संपवायची ती जमिनीला धरून. एक पाऊल, मग दुसरं. शेवटच्या वळणावर मी त्या मुलीला गाठलं आणि मागे टाकलं.

चौथी. एकही लाल नाही.

रेषेपलीकडे कुणी अडवायला नव्हतं, मोजायला नव्हतं. दोर ओलांडून तो येत होता, केसांतून पाणी गळत होतं. मी त्याच्याकडे धावले, आणि अंगात काय संचारलं कोण जाणे, उडीच मारली.

त्याने मला झेललं. त्याच्या जांघेत कळ आली असणार, कारण तो "आई गं!" म्हणाला. लांबून माझी आई म्हणाली, "अगं बाई!"

त्याने खूण असलेला तो हात वर केला, पाटी धरल्यासारखा.

"बाद!" तो म्हणाला. "दोन्ही पाय सुटले तुझे."

मी खाली पाय टेकले नाहीत. "काय म्हणालात?"

"बाद म्हणालो..."

"त्याच्यानंतर."

तो लाल झाला. आणि या वेळी थेट माझ्या चेहऱ्याकडे बघत, न अडखळता म्हणाला, "तुझे."