वीतभर कातडं

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझे नाना खोटं बोलणारे नव्हते.

नाना म्हणजे माझ्या आईचे वडील, निसार मिस्त्री. साल १९३४. नाशकात भद्रकालीमागच्या एका कारखान्यात ते यंत्रं दुरुस्त करायचे.

तिथे एक जुना लेथ होता, लोखंड कातायचं यंत्र. इंजिनावरून येणाऱ्या चामडी पट्ट्यावर फिरायचा. थांबवायला कामगाराच्या पाठीमागे, पायाशी ब्रेकची दांडी. ती दाबली, की कातडं लावलेला लाकडी ठोकळा चाकावर घासायचा.

आदल्या दिवाळीत यादव नावाचा कामगार त्या पट्ट्यात सापडून गेला. मालक म्हणाले, माणूस खाल्लेला पट्टा इथे नको, जाळून टाका.

नानांनी जाळला.

पण सगळा नाही...

ब्रेकचं कातडं पार झिजलं होतं. पट्ट्याचं म्हशीचं अस्सल कातडं आगीत घालायला नानांचा जीव होईना. वीतभर कापून त्यांनी ते ठोकळ्याला ठोकलं. लेथला पट्टा नवा चढवला.

होळीनंतर लेथवर काळू आला. सिन्नरकडचा, नवखा, दोन लेकरांचा बाप.

आणि लेथ चालता चालता थांबायला लागला...

पाहावं तर दांडी खाली. जवळ काळू, आणि त्याच्या पाठीमागे बाकड्यावर नाना. तिसरं कोणी नाही.

मुकादम खंडेराव खवळले. "काळ्या, पुन्हा थांबला तर घरी बसायचं!"

काळू नुसता नानांकडे बघून हसायचा. नानांना वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. हाच टाचेने दांडी दाबतो.

शुक्रवारी भर दुपारी नानांनी दांडी जाड तारेने वर बांधली. काळूवर नजर ठेवून बसले.

इंजिनाची धडधड...

मग तार करकरली...

तुटली.

दांडी सावकाश खाली गेली. काळूचे दोन्ही पाय पुढे होते, दोन्ही हात कामात.

लेथ थांबला. काळूने वळून पाहिलं. हसला.

नाना घाबरले. आता संशय कातड्यावर. पण हुकूम मोडला हे मालकांना कोण सांगणार? सगळे गेल्यावर त्यांनी ते कातडं गुपचूप उचकटलं, भट्टीत टाकलं आणि नवं ठोकलं.

शनिवारी लेथ एकदाही थांबला नाही. मुकादम खूश. नानाही.

तीनच्या सुमाराला किंकाळी आली...

काळूच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली होती. नाना दांडीवर झेपावले. तोवर उजवा हात खांद्यापासून गेला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर काळूने नानांनाच हाक मारली.

"निसारभाई, बाही पट्ट्याजवळ गेली का रोज तुम्हीच दांडी दाबायचे ना? मंग आज का नाय दाबली?"

नानांनी त्याला खरं कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही अखेरच्या आजारात.

काळूबाबांचा नातू सातपूरच्या कारखान्यात माझ्याच शिफ्टला असतो. भेटला की म्हणतो, "तुमच्या नानांनी आमच्या बाबाला लय दिवस वाचवलं हो."

मी मान हलवतो आणि दुसरीकडे बघतो.