अकरा रुपयांवरची एकच खाच

मोतीबिंदूची पट्टी सुटल्यावर अनंतरावांनी आधी पाहिला तो हार घातलेला बायकोचा फोटो नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या काळातले अकरा चांदीचे रुपये पाहिले. अकराही बनावट.

अनंतरावांचे जुने मित्र दिवाकर समता कॉलनीतल्या त्यांच्या घरी पोचले, तेव्हा कामवाली विमला अंगणात उभी होती. तिच्या डब्यातला भात फरशीवर सांडून तपासला होता. रेल्वेत तीस वर्षं चोऱ्यांचे दावे तपासलेल्या दिवाकरांना तो सांडलेला भात पाहूनच शिसारी आली.

पोलिसांना मुलगा पियुषनं बोलावलं होतं, ते अजून यायचे होते. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून तो जमिनीची दलाली करायचा, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचा. "काका, यही है. कपाट यही पोंछती है."

विमलानं कपाटातल्या रुपयांच्या पेटीला हात लावला नव्हता. ठाण्यात नेलं तर पाऱ्यात, म्हणजे या मोहल्ल्यात, कोणी कामाला ठेवणार नाही, पदरात दोन पोरी आहेत, एवढंच ती सांगत होती.

दिवाकरांनी रुपये ओळीनं मांडले. प्रत्येकाच्या काठाशी तीच बुजलेली खाच. मग अनंतरावांची वही मागितली. तीत प्रत्येक नाण्याचा पेन्सिल घासून उठवलेला ठसा होता. खाच फक्त चौथ्याला, सराफानं चांदी पारखताना मारलेली, चांगली खोल.

"चौथा बाहेर गेला होता काय?"

"दिवाळीत. पियुषच्या हापिसात, लक्ष्मीपूजनाले. खाचेत कुंकू बसलं होतं, बोटाले लागलं, आल्याबरोबर म्या धुतला."

"बाकीचे?"

"पेटीतच."

"मंग ऐका. हे रुपये हातानं ठोकलेले. कोणतेच दोन सारखे नसतात. हे अकरा सारखे, म्हणजे एकाच साच्यातून ओतलेले. साचा चौथ्याचा. खाच बुजलेली, म्हणजे कुंकू भरलं होतं तेव्हाच घेतलेला. तेव्हा रुपया कोणापाशी होता? बुढ्याले दिसत नाही अन् रुपये सगळे सारखेच, असं समजला पोट्टा. मंग घरात बसून सावकाश बदलले."

पियुषनं मोबाइल खिशात घातला. "अच्छा गाहक मिल गया था, काका."

अनंतरावांनी वही मिटली.

"दिवाकरराव, घरातलं घरातच राहू द्या. पोलिसांले सांगू, चोरी झालीच नाही. विमलाले पगार देऊन काढून टाकतो. उद्या बाहेर बोलली तर? आता तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

दिवाकरांनी चहाचा कप तसाच मागे सारला.

फाटकाची कडी वाजली. बाहेर पोलीस होते. सवयीनं विमलाच निघाली.

"तुम बैठो, विमला," दिवाकर म्हणाले. "आज फाटक पियुष खोलेगा."