साक्षी जीपमध्ये का बसायची नाही?

“सरका, सरका! ड्रायव्हर येतोय!” असं ओरडत पृथ्वीराज मामाच्या अंगणात आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर मामाचाच गॉगल होता आणि डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात.

“ड्रायव्हर, आधी चपला नीट घाल!” क्रांती म्हणाली. “क्लच कुठला नि ब्रेक कुठला, तेवढं तरी कळेल.”

नूरीन आणि साक्षी पोट धरून हसल्या. पृथ्वीराजनं मान ताठ ठेवून चपला बदलल्या. त्याला आज कुणाचाच राग येणार नव्हता. अंगणात हिरवीगार जीप उभी होती, उंच, रुंद टायरांची, चारही चाकं ओढणारी. आणि ती त्याची होणार होती!

क्रांती आणि तिचा मोठा भाऊ पृथ्वीराज सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहायचे. वाडीपर्यंत एसटी येत नाही. शाळेची पोरं घाट पायी उतरतात आणि दमून चढतात. पृथ्वीराजला अठरा पूर्ण झाली, लायसन हातात आलं, तेव्हा फौजेत असलेले बाबा फोनवर म्हणाले होते, “पयली गाडी जुनीच घेऊ, पण घाट चढणारी. वाडीतली पोरंबी शाळेला न्हे. नाथाजी बघून देतील. त्यांनी बघितली म्हंजे मी बघितल्यासारखंच हाय.”

नाथाजी म्हणजे आटपाडीचा मामा. जुने ट्रॅक्टर, जुन्या गाड्या घ्यायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. पण क्रांतीला त्याचं काय! तिच्यासाठी मामा म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. सुट्टी संपून परत निघताना एसटी थांबायच्या आत मामा गर्दीतून धावायचा, खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकायचा आणि ओरडायचा, “ही जागा माझ्या क्रांतीची!” ती जागा तिला दर वर्षी मिळायची. या वर्षी आईबरोबर शेजारची मैत्रीण नूरीनही आली होती. तिला क्रांतीनं प्रवासभर मामाच्याच गोष्टी सांगून हैराण केलं होतं.

“चला, बसा!” मामानं हाक दिली. तिघी मागच्या दाराकडे झेपावल्या.

“साक्षे, तू न्हाई. तू उतर.”

साक्षी मामाची मुलगी, या दोघींपेक्षा वर्षानं लहान. तिचा एक पाय आत आणि एक बाहेर. “का वं पप्पा?”

“तुला गाडी लागती.”

“मला? कवा लागली?”

“लागती म्हणलं ना! जा, मामीला... आपलं, आईला मदत कर.”

साक्षी तोंड फुगवून उतरली. जीप धूळ उडवत निघाली आणि माळावर आली. पृथ्वीराजनं आता आपलं ज्ञान बाहेर काढलं. मोबाइलवर जुन्या गाड्या पारखायचे सगळे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. त्यानं टायरांना लाथा घातल्या, खाली वाकून बघितलं, बॉनेट उघडलं.

“मामा, सकाळी निघायच्या आधीच इंजिन एवढं कसं तापलं होतं? व्हिडिओत सांगतात, गार इंजिन सुरू करून बघायचं.”

“अरं, आत्ताच हवा भरून आणली की!”

“आणि हेडलाइटच्या आत वाफ धरलीय.”

“काल धुतली तुझ्यासाठी. लय चिकित्सा करतोस गड्या! ही आटपाडीची गाडी हाय. आमच्याकडं माणसाला प्यायला पाणी मिळत न्हाई, गाडी गंजायची कशी?”

सगळे हसले. पृथ्वीराजनं बॉनेट लावलं आणि जीप पुढे काढली. मामाच सांगतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

मागे नूरीनची वेगळीच खटपट चालली होती. तिला गाडीत बसलं की पट्टा लावायची सवय. पट्टा हातभर बाहेर आला आणि अडकला.

“अगं, विमानात बसलीस का?” क्रांती म्हणाली. “मागच्या सीटवर पट्टा कोण लावतं?”

“मी लावते! आणि हसू नकोस. याला कसला तरी वास येतोय.”

“अत्तर मारलंय मामानं.”

“अत्तराच्या खालचा वास म्हणतेय मी.”

तेवढ्यात उताराला जीपनं आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. पृथ्वीराजनं ब्रेक दाबला, पण तो दगडासारखा घट्ट! जीप घरंगळायला लागली. मामानं पटकन हँडब्रेक ओढला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“डिझेलात हवा धरली,” तो म्हणाला. “नवीन गाडीचंबी हुतं असं.”

पुढच्या दोन दिवसांत जीप डाळिंबाच्या बागेत गेली, खरसुंडीला देवाला गेली. दोन्ही वेळा साक्षी घरी! एकदा तिला अभ्यास होता, भर सुट्टीत. एकदा तिच्या अंगात म्हणे कणकण होती, आणि ती कणकणवाली पोरगी त्या वेळी लिंबाच्या फांदीवर उलटी लटकली होती.

“मला गाडी लागत न्हाई!” पाण्याच्या टाकीवर बसून साक्षी तणतणली. “गेल्या साली सांगलीपर्यंत टेम्पोत बसून गेले, वर भेळ खाल्ली. काय झालं न्हाई!”

नूरीन जीपकडे बघत होती. मग म्हणाली, “मामा साक्षीला ज्या गाडीत बसवत नाहीत, ती गाडी आपण नीट बघायला पाहिजे.”

क्रांती ताडकन उठली. “म्हणजे? माझ्या मामावर संशय घेतेस?”

“मी फक्त गाडी बघू म्हणाले.”

“बघ! काय बघायची ती बघ! काही निघालं नाही तर मामाची माफी मागशील?”

“मागेन.”

नूरीनला खोटं पाडायचंच, एवढ्या एका इराद्यानं क्रांती या शोधाला लागली. हे नंतर तिला किती तरी वेळा आठवलं.

दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाली. मामाचं घोरणं अंगणापर्यंत येत होतं. चौघंही दबक्या पावलांनी जीपपाशी आले. पृथ्वीराज कुरकुरत होता, “मी सगळं बघितलंय. रंग नवा, सीटकव्हर नवं, मॅट नवी!”

“सगळंच नवं आहे, दादा,” नूरीन म्हणाली. “गाडी आतून-बाहेरून धुतलीय, रंगवलीय. मग न धुतलेलं काय राहिलं असेल? ज्याला कुणी हातच लावत नाही ते!”

तिनं मागचा पट्टा धरला. “चल क्रांती, ओढ!”

दोघींनी पाय रोवून ओढलं. पट्टा अडकला, सुटला, पुन्हा अडकला. “एक, दोन, हेइस्सा!” आणि खर्रकन तो पार मुळापर्यंत बाहेर आला. दोघी एकमेकींवर पडल्या. हसायला मात्र कुणाला सुचलं नाही.

पट्ट्याचा बाहेरचा भाग स्वच्छ काळा होता. आतला भाग मातीनं माखून तपकिरी झाला होता. त्यातून वाळलेल्या चिखलाच्या खपल्या क्रांतीच्या फ्रॉकवर गळून पडल्या. पृथ्वीराजनं घाईघाईनं मॅट उचकटली. सीटचे बोल्ट गंजून फुगले होते आणि कोपऱ्यात बोटभर काळा गाळ चिकटून बसला होता.

साक्षीनं तो चिमटीत घेऊन चुरडला. “ही आमच्याकडची माती न्हाई. आमचा मुरूम खरखर लागतो. महापुरानंतर सांगलीला मावशीचं कपाट धुवायला गेलो हुतो ना, त्यात असलाच गाळ हुता. वासबी हाच.”

“म्हणजे ही गाडी पुरात बुडालेली आहे,” पृथ्वीराज हळूच म्हणाला. त्याचा गॉगल कधीच खिशात गेला होता. “पाणी पार सीटच्या वर होतं. आतल्या वायरी कुजल्या असणार. म्हणून ती बंद पडते. आणि इंजिन बंद पडलं की ब्रेक घट्ट होतो. आपल्या घाटात...”

वाडीतली पोरं मागे बसलेली, वळणाचा उतार, खाली दरी. चौघांनाही ते दिसलं.

“मामाला फसवलंय कुणीतरी!” क्रांती उसळून म्हणाली. “बिचारा मामा! मी आत्ता उठवते त्याला!”

ती धावत निघाली. साक्षी जागची हलली नाही.

“ताई,” ती म्हणाली, “पप्पांना ठावं नसतं, तर मला का बसू दिलं न्हाई?”

क्रांती अंगणाच्या मधोमध थांबली. ती वळून आली, जीपच्या पायरीवर बसली आणि किती तरी वेळ पट्ट्याची खपली नखानं काढत राहिली. नूरीननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मी म्हणाले होते” असं ती एकदाही म्हणाली नाही.

“उगाच कुणावर आळ नको,” शेवटी क्रांती म्हणाली. “आपण मामालाच विचारायचं. पण असं, की त्याला खोटं बोलायला जागा राहणार नाही. साक्षी, तू करशील?”

साक्षीचे डोळे भरले होते. तिनं होकाराची मान डोलावली.

चहाच्या वेळी सगळे पडवीत जमले. आई, मामी, मामा आणि आईच्या फोनमधून बाबांचा आवाज. “मग, ठरलं ना नाथाजी? उद्या पोरं जीप घेऊनच निघणार?”

“ठरलं की दाजी! कडक गाडी! डोळं झाकून घ्या!”

क्रांती पुढे सरकली. “मामा, एक मागू?”

“माग की माझ्या राणी!”

“साक्षीला उद्या आमच्याबरोबर जीपमधून मेढ्याला पाठव. थोडे दिवस राहील.”

“व्हय पप्पा, मला जायचंय!” साक्षी म्हणाली.

“जाऊ द्या की,” मामी म्हणाली. “कवाची मागं लागलीय.”

मामाचा कप बशीवर वाजला. “जाईल. एसटीनं जाईल. मी सोडतो.”

“दारातनं गाडी चाललीय आणि पोरगी एसटीनं?” मामीला हसू आलं. “कायतरीच तुमचं!”

“तिला लागती गाडी...”

“न्हाई लागत!” साक्षी उठून जीपकडे निघाली. “मी आत्ताच जाऊन बसते. दादा, सुरू कर! माळाच्या उतारावर एक चक्कर मारू!”

“साक्षे, थांब!” मामा ओरडला. कप कलंडला, चहा सांडला. “त्या गाडीत बसायचं न्हाई म्हणून सांगितलं ना! चालता चालता बंद पडती ती! ब्रेक धरत न्हाई, मरशील एखाद्या...”

आणि तो थांबला.

साक्षी वळली. बापाकडे बघत तिनं विचारलं, “आणि ही सगळी बसली तर चालतंय व्हय, पप्पा?”

मामा खाली बघत राहिला. क्रांतीनं मुठीतला वाळका गाळ त्याच्या पुढ्यात, सांडलेल्या चहाशेजारी ठेवला.

“सांगलीच्या पुरातली आहे ना, मामा?”

मामा बोलला, तो कुणाकडेही न बघता. “माझ्या गळ्यात पडली हुती. जो येईल तो बघायचा, खाली वाकायचा, परत जायचा. दाजी म्हणले, तुमी बघितली म्हंजे मी बघितली. तुमीच तेवढं न बघता घेणार हुता.”

आईनं तोंडाला पदर लावला. मग बाबांचा आवाज आला, अगदी शांत. “नाथाजी, मी घरापास्नं एवढ्या लांब हुबा ऱ्हातो, ते तुमच्यासारखी माणसं तिकडं हायत म्हणून. आज रात्री मला पहाऱ्यावर हुबं ऱ्हायचंय. सांगा, कसं ऱ्हाऊ?”

मामी उठली, जीपची किल्ली खुंटीवरून काढली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. “ही आता भंगारातच जाईल. दुसऱ्या कुणाच्या पोरांच्या जिवावरबी न्हाई!”

पट्ट्यापासून गाळापर्यंत सगळं पोरांनी फोनवर सांगितलं. “पोरींनो, शाब्बास!” बाबा म्हणाले. “नूरीन, तू ओढलेल्या पट्ट्यानं आमची सगळी वाडी वाचवली, बघ. पृथ्वीराज, पुढची गाडी ह्या पोरींना दाखवल्याबिगर घ्यायची न्हाई. आणि साक्षे, तुझ्याएवढी हिंमत आमच्या पलटणीतबी थोड्यांकडंच असंल.”

आईनं चौघांना जवळ घेतलं, साक्षीला सगळ्यांत आधी. एरवी अशा शाबासकीनं क्रांती आठवडाभर हवेत चालली असती. आज तिला ती हवीच नव्हती. नूरीननं हरायला हवं होतं आणि मामाची माफी मागायला हवी होती, बस, एवढंच तिला हवं होतं. ती आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी सगळे एसटीनंच निघाले. साक्षीही निघाली. तिनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टँडवर ही गर्दी! गाडी वळण घेऊन आत येते न येते, तोच पिशव्या खाली टाकून मामा धावला. दर वर्षीसारखा धक्के खात पुढे घुसला, टॉवेल खिडकीतून आत टाकला. मात्र या वेळी तो ओरडला नाही.

क्रांती आत चढली. खिडकीजवळच्या सीटवर तो टॉवेल पडला होता. तिनं तो उचलला, त्याची नीट घडी घातली आणि खिडकीतून मामाच्या हातात दिला.

“क्रांते, बस की गं,” मामा म्हणाला.

“बसा आजी,” क्रांती शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंना म्हणाली. “ही जागा कुणाची नाही.”

गाडी सुटली. नूरीननं आपल्या सीटवर तिच्यासाठी सरकून जागा केली, पृथ्वीराज उठून उभा राहिला, पण क्रांतीनं दोघांनाही मानेनंच नको म्हटलं. वरची कडी घट्ट धरून ती विट्याच्या स्टँडपर्यंत उभीच राहिली.