जाड नळीवरचा बर्फ

“नळीवर बर्फ चढलाय हो! मनगटाएवढा... आणि खोली थंड व्हायची सोडून गरम व्हायलीय!”

सत्यभामा कोपऱ्यावरच्या बूथमधून फोनवर जीव तोडून सांगत होती. पलीकडचा दुकानदार म्हणाला, शहरात बंदोबस्त आहे, आज आमचा मेकॅनिक बाहेर पडणार नाही. आणि फोन ठेवून दिला. ती रिसीव्हर हातात घेऊन तशीच उभी राहिली. आता कुणाला सांगायचं?

“जाड नळी, का बारीक?”

ती दचकून वळली. बूथबाहेरच्या बाकड्यावर एक तरुण बसला होता. मांडीवर हत्यारांची पिशवी, हातात चहाची बशी.

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला? काहीच नाय. वाळूजची बस आली नाय म्हणून बसलोय. कंपनीत थंड पाण्याच्या मशीनवर असतो, म्हणून विचारलं.”

“जाड,” ती म्हणाली. आणि मग एकदम, “चला ना... प्लीज!”

“आधी नाव तरी विचारा.”

“चालता चालता सांगा!”

नाव बद्रीनाथ. तेवढं कळेपर्यंत दोघं लशींच्या डेपोच्या दारात पोचलीही.

चौऱ्याण्णवचा जानेवारी होता. संक्रांत तोंडावर आलेली. विद्यापीठाचं नामांतर आज जाहीर होणार, उद्या होणार, म्हणून सगळ्या शहराचा जीव टांगणीला लागला होता. गुलमंडीतली दुकानं अर्धं शटर पाडून चालली होती. सत्यभामाच्या जिवाला मात्र वेगळाच घोर होता. ती जनावरांच्या लशींच्या या डेपोत भांडार सांभाळायची. पैठणच्या बाजूला मेंढ्यांमध्ये देवीची साथ पसरली होती, आणि त्याच बाजूला तिच्या आबांचा, म्हणजे वडील बिरूचा, कळप उतरलेला. लस कालच येऊन थंड खोलीत पडली होती. खोली तापली की ती लस म्हणजे नुसतं पाणी.

बद्रीनाथने नळीला हात लावून पाहिला. “गॅस कमी झाला असंल,” तो ठामपणे म्हणाला आणि जोडांवर साबणाचा फेस लावून बसला. एकही बुडबुडा येईना. त्याने पुन्हा लावला. कपाळाला आठी पडली.

“गळती तर नाय... मग मला बी कळंना.” त्याने सरळ सांगून टाकलं.

तिला राग आला... पण थापा मारत नाही हा माणूस, हेही त्याच क्षणी तिच्या मनात नोंदलं गेलं. ती उठली आणि खोलीत शिरली. पंखा घरघरत होता. तिने वर तोंड केलं.

“अहो, इकडं या! पंखा फिरतोय, पण वारा लागत नाही.”

तो धावत आत आला. पंख्याच्या तोंडाशी खोक्यांची भिंत उभी होती, अगदी जाळीला चिकटून.

“हे कुणी रचलं?”

“मीच. म्हटलं, तिथं सगळ्यात गार असतं... आबांच्या भागातली खोकी तिथंच ठेवावीत.”

त्याने एक खोकं बाजूला सरकवलं. “वारा कोंडला. आतल्या नळ्यांवर बर्फ धरला, तो चढत बाहेरपर्यंत आला. गॅसचा काय दोष? माझाच अंदाज चुकला.”

“आणि माझी माया.”

“माया कुठं चुकती? तिची जागा चुकली फक्त.”

हसावं की रडावं, तिला कळेना. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बर्फावर उगारला. त्याने झटकन तिचं मनगट धरलं.

“नको! आत पातळ नळ्या आहेत. भोक पडलं तर सगळंच संपलं. मशीन बंद करू, पंखा चालू ठेवू. आपोआप वितळू द्यायचं.”

मनगट त्याच्या हातात होतं... दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

सगळी लस त्यांनी बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या पेट्यांत भरली. मग वाट बघणं. थेंब... थेंब... मध्येच बाहेर पोलिसांची गाडी गेली की दोघं दाराकडे बघायची.

“मी उस्मानपुऱ्यातला,” तो आपणहून म्हणाला. “वडील नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाऊन आलेले. आता नाहीत ते. घरी आई एकटीच असते.”

“मग तुम्ही जा ना! रस्त्यात काही झालं तर?”

“हाकलता का?”

“नाही... काळजी वाटते.”

“कुणाची, लशीची?”

ती उगाचच थर्मामीटर बघू लागली. “लशीची पण.”

दुपार कलली तेव्हा तोंडावर गार वारा आला. मशीन पुन्हा चालू केलं, पारा उतरला, जाड नळीवर नुसते दवासारखे थेंब राहिले. सत्यभामाने डोळे पुसले.

पुढचे दोन दिवस तो कामावर जाता-येता थर्मामीटर बघायला डोकावत राहिला. थर्मामीटर तिलाही वाचता येत होता... पण तिने तसं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांची जीप लस न्यायला आली, आणि तिच्यातून बिरूही उतरला. दारात लेक एका परक्या पोराबरोबर हसत उभी होती.

“कुणाचा रं तू, पोरा?”

बद्रीनाथने वस्ती, जात, काही न लपवता सांगितलं. बिरूचा चेहरा आक्रसला. “बरं,” एवढंच म्हणाला, आणि पेट्या उचलू लागला.

त्या दिवसापासून बद्रीनाथ आला नाही.

संक्रांतीला नामांतराचा निर्णय झाला. उस्मानपुऱ्यात निळा गुलाल उडाला. खेड्यांकडून मात्र जाळपोळीच्या भलभलत्या बातम्या येऊ लागल्या. खऱ्या किती, खोट्या किती, कोण सांगणार? त्या गडबडीत थांबलेल्या वाळूजच्या बस पुन्हा सुरू झाल्या. सत्यभामा रोज फाटकाशी उभी राहायची. प्रत्येक बसमध्ये माणसं दिसायची, तो दिसायचा नाही. त्याला काही झालं तर नसेल? की आबांच्या त्या एका शब्दाने...? शेवटी ती मेंढ्यांच्या तळावर गेली आणि आबांना सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी ती उस्मानपुऱ्यात पत्ता विचारत फिरत होती. एका निळ्या दारावर तिने थाप मारली. दार त्यानेच उघडलं. धडधाकट होता. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच डोळे भरून आले.

“तुम्ही का आला नाहीत?”

“तुझ्या आबांचं तोंड बघितलं होतं मी,” तो हळूच म्हणाला. “वाटलं, माझ्यापायी तुझ्या घरात...”

“माझ्या घरात मी बोललेय. तुम्ही मला आवडता म्हणून सांगितलंय त्यांना.”

“आणि... ते?”

“रात्रभर शेकोटीशी बसून राहिले. सकाळी म्हणाले, भाऊबंद काय म्हणतील याचं भ्या वाटतंय मला, खोटं कशाला बोलू? पण पोरगं सरळ बोललं. त्याच्या आईला भेटून ये, घरात कशी बोलत्यात ते बघ, मग मला सांग.” तिने पदर सावरला. “म्हणून आलेय. पण आधी तुमचं सांगा. मी तुम्हाला...?”

“पहिल्या दिवशीच,” तो म्हणाला. “तू ‘चालता चालता सांगा’ म्हणालीस ना... तेव्हापासून.”

आतून भांड्याचा आवाज आला आणि त्यामागून त्याच्या आईचा, सारजाबाईंचा.

“बद्री, कवाधरनं ऐकायलेय मी! पोरीला उंबऱ्यात उभं करून काय बोलतोस रं? आत घे तिला!”