तीन नंबरचा अंगठा

महाडच्या कारखान्यात सगळ्यांत हलकं काम रेश्माचं, असं बाकीच्या बायका म्हणायच्या. सकाळच्या पाळीआधी गोदामातल्या तीन फोर्कलिफ्ट तपासायच्या आणि तक्त्यावर टिका मारायच्या. ब्रेक, हॉर्न, चेन, टायर. खरं तर तपासत कुणीच नव्हतं. सोमवारीच आठवडाभराच्या टिका मारून मोकळं व्हायचं, अशी तिथली रीत. आणि रेश्माच्या अंगात त्राण तरी कुठं होतं? दात येणारी लेक दिशा रात्र रात्र खांद्यावर. तुडीलहून कंपनीची गाडी पकडेस्तोवर तिचे डोळे चुरचुरायचे.

तपासायचा तो एक काशीरामदादा, म्हातारा मेकॅनिक. लिहिता येत नव्हतं, म्हणून गाडी बघून झाली की चौकटीत ऑइलचा अंगठा उठवायचा. जुन्या जखमेची आडवी रेघ होती त्या अंगठ्यावर. "टीक मारून ब्रेक लागत नाय गो पोरी," म्हणायचा.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो आजारपणातून उठून आला आणि तीन नंबरच्या फोर्कलिफ्टखाली सापडून गेला. ब्रेक लागला नव्हता. त्या दिवसाच्या चौकटीत रेश्माची टीक होती, सोमवारीच मारलेली. कुणी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

आता तीन नंबर तिचा नवरा अक्षय चालवायचा.

त्या गुरुवारी सावित्री नदीवरचं धुकं गोदामात शिरलं होतं. ट्यूबलाइट नुसत्या पिवळट दिसत होत्या. जांभई देत रेश्मानं तक्ता काढला. तीन नंबर, ब्रेक, गुरुवार. तिची टीक होती. टिकेवर काळा अंगठा होता, ओला. मधोमध आडवी रेघ.

तिनं बोट लावलं. ऑइल कोमट होतं.

पीं... पीं... पीं...

गाडी मागं घेताना वाजतो तो आवाज. पण तीन नंबर कोपऱ्यात गप उभी होती, आणि किल्ली रेश्माच्या मुठीत. जळक्या ऑइलचा आणि तंबाखू-चुन्याचा वास आला.

"कोण... कोण हाय?"

"मी हाय गो, दुसरं कोण?" अक्षय चहाचे कप घेऊन आला. "झोप झाली नाय वाटतं. दे किल्ली."

"अवो, आधी ब्रेक बघा."

"तू टीक मारलीस ना? मग झालं तर!"

"मी... मी कधीच बघत नाय."

हसत हसतच अक्षय वर चढला, गाडी चालू न करता त्यानं ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. तो खाली उतरला.

"उतारावरनं ड्रम आणायचे होते आज," एवढंच म्हणाला.

रेश्मानं उरलेल्या आठवड्याच्या टिका खोडल्या. सुपरवायझरला सगळं सांगितलं, दसऱ्याचंसुद्धा. नोकरी राहील का जाईल, ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी घरी परतताना अंग गळालं असलं तरी छाती हलकी झाली होती. दादानं माफ केलं, असं तिला वाटलं.

दिशा पाळण्यात शांत निजली होती. गालावर चांगली मोठी तीट.

"आई, एवढी मोठी तीट लावतात व्हय?"

चुलीपाशी बसलेली तुळजाबाई, तिची सासू, म्हणाली, "मी कुठं लावली गो? काजळाची डबी दोन दिस झाले रिकामी हाय."

रेश्मा पाळण्यावर वाकली. तिटेच्या मधोमध आडवी रेघ होती.

तिनं पदर लावला. तीट अजून कोमट होती.