त्रेचाळीस मिनिटांची कळ

डॉ. हेमलता वायचळ यांनी सकाळी साडेआठला वेदनापट्टा हनुवटीखालून घेऊन कानामागे अडकवला आणि रोजच्याप्रमाणे दुसऱ्याच्या दातदुखीची वाट पाहत बसल्या. दुसरा म्हणजे यशवंत रेडकर. तो गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावर होता, आणि त्याची कळ प्रकाशाच्या वेगानं निघाली तरी या दिवसांत पृथ्वीवर पोचायला त्रेचाळीस मिनिटं घेत असे. संगमनेरहून इथं येणारी एसटी त्याहून जास्त वेळ घेते, असं मुश्ताक म्हणायचा.

दूरवेदना कक्ष अकोले तालुक्यातल्या एका उजाड पठारावर होता. तिथल्या प्रचंड तबकड्यांना आकाशातली कुजबुज नीट ऐकू यावी म्हणून आसपास कुठंही मोबाइल चालवायला बंदी होती, आणि मोबाइल नाही म्हटल्यावर माणूस तरी कशाला राहतोय? कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या आठ घरांपैकी सहांना कुलपं. एकात संदेश अभियंता मुश्ताक इनामदार राहायचा, पण शनिवार उजाडला की तो मंचरला बायकोपोरांकडे पळायचा. हेमलताबाई कुठं पळणार? नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि बेळगावच्या बहिणीचा आवाज संक्रांतीलाच तेवढा ऐकू यायचा.

रेडकर मूळचा वेंगुर्ल्याचा. कॅलिस्टोवरच्या ठाण्याचा तो एकटा राखणदार. तीन वर्षांच्या नेमणुकीतले पाच महिने अजून बाकी होते आणि न्यायला यान येईपर्यंत तिथं दुसरा जीव नव्हता. दोन महिन्यांपूर्वी त्याची डावीकडची खालची दाढ दुखू लागली आणि पठारावरचा हा बंद कक्ष उघडला गेला.

वेदनापट्ट्याची कल्पना तशी साधी होती. रेडकरच्या कानापुढं, जबड्याची सगळी संवेदना जिथून मेंदूकडे जाते तिथं, तांदळाएवढी एक कळी पृथ्वी सोडण्याआधीच बसवलेली होती. ती नसेतली सगळी ये-जा टिपायची. पृथ्वीवरचा पट्टा तीच ये-जा डॉक्टरच्या नसेत उतरवायचा, दहाव्या हिश्श्यानं. यंत्राच्या पडद्यावर रेघा उमटायच्या, पण घास चावणं, बोलणं, जीभ फिरवणं आणि दुखणं या सगळ्यांच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या. ठणका वेगळा, सणक वेगळी, शिवशिव वेगळी, हे माणसाच्या नसेलाच कळतं. म्हणून मधे माणूस बसवला होता.

नियमही साधा होता. पट्टा बांधलेल्या डॉक्टरला वेदना जाणवते आहे तोवर ही खास वाहिनी रोज दोन तास चालू ठेवायची. वेदना थांबली की वाहिनी उल्का मोजणाऱ्यांना द्यायची, आणि ठाण्यावरच्या माणसाला आठवड्याला एक पत्र.

"आज गार परीक्षा घ्यायची ना, मॅडम?" मुश्ताकनं विचारलं. "वरच्या कचेरीतून दोनदा विचारणा झालीय. नस जिवंत आहे की नाही, लेखी द्या म्हणतात."

"जिवंतच आहे. कालच केवढी ठणकत होती." हेमलताबाई जरा फणकाऱ्यानंच म्हणाल्या. ही परीक्षा त्या तीन आठवडे टाळत आल्या होत्या. दाढेवर बर्फ धरायला लावून त्या बिचाऱ्याला उगाच कळ कशाला आणायची, असं त्यांना वाटे.

"पण दुखतंय म्हणजे बरंच आहे, असं तुम्ही म्हणता, ते काही माझ्या डोक्यात शिरत नाही. अहवाल मलाच लिहायचाय, एकदा समजावून सांगा."

"हे बघ. तुझं बोट सुजलं तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दातातली नस मात्र दगडी खोलीत कोंडलेली असते. खोलीला दार एकच, मुळाच्या टोकाशी, सुईच्या नेढ्याएवढं. रक्त तिथूनच येतं आणि तिथूनच जातं. कीड आत पोचली की नस सुजते, पण भिंती काही हलत नाहीत. मग दाब वाढतो. सुरुवातीला गार लागलं की झटकन कळ येते आणि जाते, तोवर दात वाचतो. पुढं गरम लागलं की कळ येते आणि जाता जात नाही. ती नस परत बरी होत नाही."

"मग?"

"मग सूज इतकी वाढते की आपल्याच रक्तवाहिन्या चेपते. रक्त थांबतं आणि नस मरते. मेली की दुखणं एकदम थांबतं. माणूस म्हणतो, लवंग लागू पडली, नवस फळला! आणि इकडे त्या मेलेल्या नसेत पू धरतो, तो मुळाखालून हाडात उतरतो. तिथून गळ्यात उतरला तर श्वास कोंडतो. इथं असता तर मी अर्ध्या तासात दाढ उघडून दिली असती. तिथं त्याला स्वतःच आरशात बघून भोक पाडावं लागेल, जिवंत नसेवर. म्हणून म्हणते, ठणकतंय तोवर थांबू. यान येईपर्यंत निभावलं तर बरं."

"आणि दुखणारी दाढ तीच कशावरून?"

हेमलताबाई हसल्या. "शहाणा आहेस. दातातल्या नसेला ठिकाण कळतच नाही. ती नुसती बोंब मारते, पत्ता सांगत नाही. खालची दुखते म्हणून येतात आणि किडलेली असते वरची. डावं-उजवं तेवढं कळतं. रेडकरची मात्र खालचीच आहे, त्यानं पाठवलेल्या चित्रात दिसली मला."

मुश्ताकनं मान डोलावली आणि तो पडद्याकडे वळला. परीक्षेची सूचना रेडकरला कालच गेली होती: इथल्या घड्याळाप्रमाणे बरोबर नऊ वाजता दाढेवर बर्फाचा खडा धरायचा, दहा सेकंद.

खरं सांगायचं तर हेमलताबाईंना या दुखण्याची सवय लागली होती, आणि सवयीपेक्षाही जास्त काहीतरी. रेडकरचा आवाज यायचा, मग त्या बोलायच्या, मग दीड तासानं उत्तर. त्यानं सांगितलेल्या मांडवी खाडीच्या, बांगड्याच्या झणझणीत तिकल्याच्या, वारलेल्या आईच्या गोष्टी त्यांना पाठ झाल्या होत्या. आणि आवाज नसे तेव्हा ठणका असे. पट्टा काढल्यावरही तो संध्याकाळपर्यंत, कधी कधी रात्रीही मागे राही. पट्ट्याच्या माहितीपुस्तकात त्याला 'नसेतला पडसाद' म्हटलं होतं आणि काळजीचं कारण नाही असंही लिहिलं होतं. रिकाम्या घरात जेवताना गाल दुखू लागला की बाईंना वाटायचं, आपण अगदीच एकट्या नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली असतील. मुश्ताकनं चहा आणून ठेवला. बाईंनी घोट घेतला आणि डाव्या जबड्यातून कानापर्यंत कळ सणसणत गेली. त्यांनी कप ठेवला, गाल दाबून धरला आणि डोळे मिटले.

"आई गं! बर्फानं चांगलाच हिसका दिला. लिही, नस जिवंत. जाता जात नाहीये कळ."

मुश्ताक लिहीना. तो घड्याळाकडे बघत होता.

"मॅडम, आता नऊ वीस झालेत."

"मग?"

"बर्फाची कळ अजून वाटेत आहे. नऊ त्रेचाळीसच्या आधी ती येऊच शकत नाही."

 बाईंनी कप पुन्हा उचलला, चहाचा घोट मुद्दाम डावीकडे घेतला आणि तोंडात धरला. कळ पुन्हा उठली, तशीच. मग दोघंही घड्याळाकडे बघत बसले. नऊ बेचाळीस झाले, नऊ त्रेचाळीस झाले. पडद्यावर रेघा हलल्या, रेडकरनं तोंड उघडल्याच्या, काहीतरी धरल्याच्या. बाईंच्या डाव्या खालच्या दाढेवर काहीतरी कठीण टेकल्याचा पुसट भास झाला. कळ मात्र आली नाही. दहा सेकंद झाले, मिनिट झालं, पाच मिनिटं झाली.

त्यांनी टेबलावरचा छोटा आरसा उचलला, आ वासला आणि चांदी भरलेल्या आपल्या वरच्या डाव्या दाढेवर चमच्याच्या दांड्यानं टिचकी मारली. दाढ हुळहुळली. चांदीच्या कडेला काळी फट दिसत होती. तीस वर्षं लोकांना सांगत आलेली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या तोंडात घडली होती, आणि वर पडसाद म्हणून त्यांनी तिला कुरवाळलंही होतं. वरचं दुखणं त्यांनी खालचं मानलं होतं आणि आपलं दुखणं त्याचं.

"मी त्याला मारलं की काय रे," त्या म्हणाल्या.

त्यांनी संदेश पाठवला. "रेडकर, खरं सांगा. दुखायचं कधी थांबलं? आणि आता गाल, गळा, गिळणं कसं आहे? मी रागावणार नाही."

उत्तर यायला सव्वाअकरा झाले. वाहिनीची वेळ केव्हाच संपली होती, पण मुश्ताकनं ती बंद केली नव्हती.

"एकवीस दिवस झाले, डॉक्टरबाई," रेडकरचा आवाज जड येत होता. "त्याच दिवशी तुम्हाला सांगायलाच बसलो होतो. तेवढ्यात तुमचा संदेश आला. तुम्ही म्हणालात, आज फार ठणकतंय ना, मला कळतंय, धीर धरा. मी विचार केला, एवढ्या लांब कुणीतरी माझ्यासाठी गाल धरून बसलंय. त्या माणसाला कसं सांगू की दुखत नाही? आणि सांगितलं असतं तर वाहिनी बंदच झाली असती. चूक झाली माझी. गालाला तीन दिवस सूज आहे. आजपासून घास गिळताना अडकतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला, त्याचा नाही, स्वतःचा. पण ते सगळं गिळून त्यांनी एका दमात सूचना सांगितल्या, कारण मधे थांबून विचारायची सोय नव्हती. औषधपेटीतल्या निळ्या गोळ्या लगेच दोन. आरसा आणि हातछिद्रक घ्यायचं. प्रत्येक दाढेवर टिचकी मारून बघायची. नसेला ठिकाण कळत नसलं तरी दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्याला कळतं, आणि आता पू तिथवर आलाय, म्हणून या वेळी दुखरी दाढ चुकणार नाही. तिच्या माथ्यावर मधोमध भोक पाडायचं. नस मेलेली आहे, कळ येणार नाही. आत पोकळी लागली की थांबायचं, पू येऊ द्यायचा, मिठाच्या पाण्यानं धूत राहायचं.

संदेश गेला, आणि बाईंच्या लक्षात आलं की रेडकरचं खरं काय ते आपल्याला अजूनही कळणार नाही. त्यांची स्वतःची दाढ बोंबलत होती. त्यांनी भुलीची सुई भरली, मुश्ताकला आरसा धरायला सांगितला आणि आपल्या वरच्या दाढेशी स्वतःच टोचून घेतली. मुश्ताकनं तोंड फिरवलं, पण आरसा हलू दिला नाही.

हळूहळू त्यांचं दुखणं विझलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच पट्ट्यातून नुसता रेडकर येऊ लागला. आधी जबड्याच्या कोपऱ्यात एक बोथट, ताणलेला दाब. आणि त्याच्या जोडीला सतत एक हालचाल. जीभ टाळ्याला लागत होती, ओठ मिटत होते, उघडत होते.

"हा खातोय का काही?" त्यांनी विचारलं.

मुश्ताकनं पडदा पाहिला. "अशा रेघा तर रोज दोन्ही तास असतात त्याच्या. मी तरी खाणंच धरत आलो."

बाईंनी डोळे मिटले. प, ब, म. ओठ मिटत होते. हे खाणं नव्हतं. रेडकर बोलत होता, संदेश न पाठवता, कुणीही नसताना. गेली अडीच वर्षं तो असाच एकटा बोलत असणार, आणि इथं दोन महिने त्याची नोंद आहार म्हणून होत होती. हेमलताबाई आता उघड उघड रडल्या.

एक वाजायच्या सुमाराला कवटीत छिद्रकाची घरघर उमटली. बाईंनी खुर्चीचे हात धरून ठेवले. घरघर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. मग जबड्याच्या कोपऱ्यातला दाब एकाएकी सैल झाला. थोड्याच वेळात रेडकरचा आवाज आला, "आलं हो बाहेर! वास असा की ठाणं सोडून पळालो असतो, पण पळणार कुठं?" मुश्ताकनं टेबलावर मूठ आपटली आणि तो मोठ्यानं हसला.

तीनपर्यंत उरलेला दाबही ओसरला. रेडकरला पाणी गिळता येत होतं. पट्ट्यात दुखण्याचा मागमूस उरला नाही.

"जिंकलो, मॅडम," मुश्ताक म्हणाला आणि मग त्याचा चेहरा उतरला. "वेदना नाही असं लिहिलं, की संध्याकाळी वाहिनी उल्कावाल्यांकडे जाईल."

"आणि त्याला पाच महिने आठवड्याला एक पत्र."

"नियमच तसा आहे."

 बाईंची भूल उतरत होती. आधी गालाला मुंग्या आल्या, मग हळूच, ओळखीचा, ठणका सुरू झाला. त्या सरळ बसल्या.

"मुश्ताक, लिही. पट्टा बांधलेल्या डॉक्टरला वेदना जाणवते आहे."

"कुणाची?"

"दातातल्या नसेला ते कुठं कळतं?"

मुश्ताकनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी गाडी काढतो. संगमनेरला तासाभरात तुमची दाढ उघडून देतील. नाहीतर पंधरा दिवसांत ती मरेल. तुम्हीच सांगितलंत मघाशी."

"मरेल. ज्या दिवशी दुखायचं थांबेल त्याच दिवशी उघडून घेईन, मी काही रेडकर नाही."

"आणि मग? वाहिनी पंधराच दिवस चालेल. पुढचे साडेचार महिने काय करणार?"

हेमलताबाईंनी पट्टा नीट केला, माइक जवळ ओढला आणि जिभेनं आपले दात एकेक करून चाचपले.

"अजून सत्तावीस आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी रेडकरला निरोप सांगायला सुरुवात केली.